पेशव्यांच्या गादीचा डाव: वारसाच्या भांडणात ठाणं गेलं आणि कल्याण परत आलं, ते कसं?

ठाण्याहून कल्याणकडे निघालेली लोकल कळवा स्टेशनच्या आधी खाडी ओलांडते. या पुलाला काही मिनिटंही लागत नाहीत. पण सालबाईच्या तहापासून १८१७ पर्यंत, म्हणजे सुमारे ३५ वर्षं, ही खाडी दोन राज्यांची सीमा होती. पश्चिमेला ठाणं आणि साष्टी बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे, तर पूर्वेला कल्याण पेशव्यांकडे.

ही सीमा पडली ती पुण्यातल्या एका घरगुती भांडणामुळे. पेशव्यांच्या गादीवर कुणी बसायचं, एवढाच मूळ प्रश्न होता. त्याचं उत्तर मिळायला नऊ वर्षं लागली आणि तोवर साष्टी हातची गेली होती.

गादीसाठीच्या अशा भांडणांवर जगभर बोर्ड गेम बनतात. त्या खेळांचे नियम समजून घेतले की १७७३ ते १७८२ या काळात नेमकं काय झालं, हेही सोपं होतं.

गादीच्या लढाईचा खेळ कसा असतो?

अशा खेळांसाठी आवडतं उदाहरण म्हणजे मध्ययुगातलं नॉर्वे. ११३० मध्ये तिथला राजा सिगर्ड वारला आणि पुढची ११० वर्षं गादीसाठी लढाया होत राहिल्या. कारण सरळ होतं. राजाच्या प्रत्येक मुलाला, तो लग्नाच्या बायकोचा असो वा नसो, गादीवर हक्क सांगता येत असे. त्यामुळे दावेदारांची कधीच कमी पडली नाही. हाराल्ड गिले नावाचा माणूस समुद्रापलीकडून आला आणि 'मी आधीच्या राजाचा मुलगा' असं म्हणत तापलेल्या लोखंडावरून चालून दाखवलं. १२०६ मध्ये हाकोन नावाच्या तान्ह्या वारसाला शत्रूपासून वाचवण्यासाठी 'बिर्केबाइनर' गटाच्या लोकांनी बर्फाळ डोंगरातून स्कीवरून पळवून नेलं. हाच हाकोन १२१७ मध्ये राजा झाला. १२४० मध्ये शेवटचं मोठं बंड मोडलं आणि १२६० मध्ये वारसाचा कायदा पक्का झाला.

या प्रकारातला गाजलेला बोर्ड गेम म्हणजे अँड्र्यू मॅकनील यांचा 'किंगमेकर'. १९७४ मध्ये आलेला हा खेळ इंग्लंडमधल्या लँकेस्टर आणि यॉर्क घराण्यांच्या युद्धावर आहे. त्यातली गंमत अशी, की खेळाडू स्वतः राजा नसतो. तो सरदारांचा एक गट चालवतो. राजघराण्यातले वारस म्हणजे पटावरच्या सोंगट्या. ज्याच्या हाती वारस, त्याच्या हाती डाव.

गादीच्या खेळांत साधारण चार गोष्टी मोजल्या जातात.

- दावा: गादीवर रक्ताचा हक्क कुणाचा?
- मान्यता: त्या हक्कावर शिक्का कोण मारतं?
- फौज आणि पैसा: हक्क टिकवायला माणसं आणि रोकड कुठून येते?
- तारण: मदत मागताना बदल्यात काय गहाण टाकलं?

पुण्यातल्या भांडणात या चारही गोष्टी होत्या. चौथीचं नाव साष्टी.

पट: साष्टी, ठाणं आणि कल्याण

साष्टी म्हणजे आजच्या मुंबईची उपनगरं आणि खाडीच्या पश्चिमेचं ठाणे शहर असलेलं बेट. सहासष्ट गावांचं म्हणून 'साष्टी', अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. बेटाच्या उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी. इंग्रजांची मुंबई त्या काळात या बेटाच्या दक्षिणेला असलेल्या लहान बेटांवर होती.

हे बेट आधी पोर्तुगीजांकडे होतं. ठाण्याचा किल्ला त्यांनी १७३० मध्ये बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीजांचा उत्तर कोकणातला अंमल संपला.

खाडीच्या पलीकडे उल्हास नदीच्या काठी कल्याण. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेलं हे जुनं बंदर. घाटमाथ्यावरून उतरणारा माल इथूनच समुद्राकडे जाई. ठाणं हा बेटाचा दरवाजा, तर कल्याण हा घाटाकडे जाण्याचा.

मुंबईकर इंग्रजांना साष्टी कधीपासून हवी होती. त्यांचं बेट लहान, उत्पन्न तोकडं, खर्च बंगालच्या पैशावर चाललेला. साष्टी मिळाली तर भात पिकवणारी गावं मिळणार आणि बंदराच्या पाठीशी असलेला किल्लाही परक्याच्या हाती राहणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. मराठे एकत्र असताना तो जमण्यासारखा नव्हता. त्यासाठी मराठ्यांत भांडण व्हायला हवं होतं.

डावाची सुरुवात: नारायणरावांचा खून

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे थेऊरला क्षयाने वारले. त्यांना मूल नव्हतं. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. पण घरात दुसरा दावेदार होता. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. पहिल्या बाजीरावांचे पुत्र, उत्तरेत अटकेपर्यंतच्या मोहिमेमुळे नाव मिळवलेले. माधवरावांनी १७६८ मध्ये धोडपला त्यांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं होतं.

३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यात घुसून नारायणरावांचा खून केला. ते तेव्हा अठरा वर्षांचे होते. सुमेरसिंग गारदी हा त्यांचा म्होरक्या. 'ध चा मा' झाल्याची, म्हणजे 'धरावे'चं 'मारावे' केल्याची गोष्ट आजही सोशल मीडियावर आनंदीबाईंच्या नावाने फिरते. पण त्या काळात डाव फिरवला तो न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी. त्यांनी दोष रघुनाथरावांवर ठेवला आणि पद सोडून पुणं सोडलं.

रघुनाथराव पेशवे झाले खरे. पण दावा त्यांच्याकडे असला तरी मान्यता डळमळीत झाली.

सोंगटी: चाळीस दिवसांचा पेशवा

नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला तर रघुनाथरावांचा हक्क संपणार होता. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके अशा कारभाऱ्यांनी एकत्र येऊन गट केला. हेच 'बारभाई'. रघुनाथराव मोहिमेवर असताना त्यांनी १७७४ च्या सुरुवातीला गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर हलवलं आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू केला.

मार्चमध्ये पंढरपूरजवळच्या लढाईत रघुनाथरावांनी त्रिंबकराव पेठ्यांचा पराभव केला. त्यात पेठे गेले. लढाई रघुनाथरावांनी जिंकली होती, पण १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर गंगाबाईंना मुलगा झाला. हेच सवाई माधवराव. मूल नारायणरावांचं नाहीच, अशा शंका विरोधकांनी पसरवल्या. तरीही २८ मे रोजी, बाळ चाळीस दिवसांचं असताना, साताऱ्याच्या छत्रपतींकडून आलेली पेशवाईची वस्त्रं त्याला मिळाली.

ही वस्त्रं म्हणजे खेळातला 'मान्यता' हा पत्ता. पेशवेपद घराण्यात चालत आलं असलं तरी कागदोपत्री नेमणूक छत्रपतींचीच असे. बाळ लढू शकत नव्हतं, हुकूम देऊ शकत नव्हतं. पण ते ज्यांच्या हाती होतं, त्यांचा प्रत्येक हुकूम आता पेशव्यांचा हुकूम होता.

ठाण्याचा किल्ला: न मागता उचललेलं तारण

सरदार दुरावले, पैसा संपत आला, तेव्हा रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांकडे फौज मागितली. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या कौन्सिलने बदल्यात साष्टी आणि वसई मागितली. वसई म्हणजे चिमाजी आप्पांनी, रघुनाथरावांच्या सख्ख्या काकांनी, रक्त सांडून घेतलेली. ती द्यायला रघुनाथराव आधी तयार झाले नाहीत.

इंग्रज त्यांच्या होकारासाठी थांबले नाहीत. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येत असल्याची बातमी त्यांनी कारण म्हणून पुढे केली आणि डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्यावर फौज पाठवली. बारभाईंचं सगळं लक्ष तेव्हा रघुनाथरावांच्या पाठलागावर होतं.

किल्ल्यातल्या शिबंदीने पहिला हल्ला परतवून लावला. इंग्रज आरमाराचा कमोडोर जॉन वॉटसन या वेढ्यात प्राणघातक जखमी झाला. पण २८ डिसेंबरला किल्ला पडला आणि आतली बहुतेक शिबंदी कापली गेली. पाठोपाठ वेसाव्याचा किल्ला आणि उरणजवळचं कारंजा बेटही गेलं. पुण्यातल्या कुठल्याही दावेदाराच्या सहीशिवाय साष्टी इंग्रजांची झाली.

सही नंतर आली. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना दिली. बदल्यात त्यांना २,५०० माणसांची फौज मिळणार होती. तिच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये त्यांनीच द्यायचे होते आणि हमी म्हणून सहा लाखांचे जडजवाहीरही ठेवायचे होते. साष्टी त्यांच्या हातातून आधीच गेली होती आणि वसई त्यांच्या ताब्यात नव्हती. दावेदार गादीवर बसण्यापूर्वीच राज्याचा तुकडा लिहून देतो, ही चाल बोर्ड गेममध्ये खेळाडू हटकून खेळतात. इथे ती खरी होती.

दोन इंग्रज खेळाडू: मुंबई आणि कलकत्ता

मे १७७५ मध्ये गुजरातेत अडासला कर्नल कीटिंग आणि हरिपंत फडके यांच्यात लढाई झाली. पण त्याहून मोठी अडचण कलकत्त्याहून आली. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने युद्ध आणि तहाचा अंतिम अधिकार कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल आणि कौन्सिलकडे दिला होता. मुंबईने त्यांना न विचारता युद्ध सुरू केलं होतं.

कलकत्त्याने कर्नल अप्टन यांना पुण्याशी बोलणी करायला पाठवलं. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. सुरतेचा तह रद्द झाला. रघुनाथरावांना तनखा घेऊन कोपरगावला राहायचं होतं. म्हणजे ज्या करारात साष्टी दिली गेली, तो करार रद्द झाला. तरीही साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मुंबईने डाव हरूनही तारण खिशात टाकलं होतं.

मध्येच आलेला तोतया

गादीच्या प्रत्येक लढाईत एखादा दावेदार कुठून तरी उगवतोच. नॉर्वेत हाराल्ड गिले होता, कोकणात सदाशिवरावभाऊंचा तोतया. भाऊसाहेब १७६१ मध्ये पानिपतावर पडले होते, पण त्यांचा देह नक्की ओळखला गेला का, याबद्दल लोकांच्या मनात शंका होती. 'मी भाऊ' म्हणणाऱ्या एका माणसाला रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. १७७६ मध्ये तो सुटला आणि बघता बघता कोकणातले किल्ले आणि हजारो माणसं त्याच्या बाजूला गेली. तो बोरघाटापर्यंत चढून आला.

महादजी शिंद्यांनी त्याचा पराभव केला. समुद्रमार्गे निसटताना तो आंग्र्यांच्या हाती सापडला आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला मृत्युदंड दिला गेला. मधल्या काळात बारभाईंची ताकद कोकण परत मिळवण्यातच खर्ची पडली. साष्टीसाठी फौज वळवणं तेव्हा शक्य नव्हतं.

वडगाव: जिंकूनही न मिळालेलं ठाणं

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईकरांनी रघुनाथरावांना सोबत घेऊन पुन्हा पुण्याकडे कूच केलं. चार हजारांच्या आसपासची ही फौज पनवेलहून बोरघाट चढली. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई टाळली. वाटेतली गावं ओस पाडली, दाणागोटा तोडला. 'इष्टुर फाकडा' म्हणून मराठी माणसाच्या तोंडी राहिलेला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट कार्ल्याला मारला गेला. तळेगावला पोचलेल्या इंग्रजांनी जड तोफा तळ्यात टाकल्या आणि रात्रीतून माघार घेतली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला ते पुरते वेढले गेले.

वडगावच्या करारात इंग्रजांनी १७७३ पासून घेतलेला सगळा मुलूख परत करण्याचं कबूल केलं. त्यात ठाणं आणि साष्टीही होती. कागदावर ठाणं परत मिळालं होतं. पण करारावर सह्या करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, असं सांगत कंपनीच्या वरिष्ठांनी तो झिडकारला. रघुनाथराव शिंद्यांच्या ताब्यात आले होते, तेही निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले.

कल्याण आणि मलंगगड: युद्ध खाडीपलीकडे

आता युद्ध बेटापुरतं उरलं नाही. बंगालहून देश ओलांडून आलेल्या जनरल गॉडर्डने गुजरातेत आघाडी उघडली. इकडे मे १७८० मध्ये मुंबईच्या फौजेने कल्याण घेतलं. ते परत मिळवायला आलेल्या मराठी फौजेला कर्नल हार्टलीने मागे हटवलं.

ऑगस्टमध्ये कॅप्टन अबिंग्टन मलंगगडावर चालून गेला. खालचा भाग त्याच्या हाती लागला, पण वरचा किल्ला मराठ्यांनी सोडला नाही. उलट अबिंग्टनच मराठी फौजेच्या कोंडीत सापडला आणि त्याला सोडवायला हार्टलीला यावं लागलं.

डिसेंबर १७८० मध्ये गॉडर्डने वसई घेतली. वसईच्या मदतीला निघालेले सरदार रामचंद्र गणेश वज्रेश्वरीजवळ दुगाडच्या लढाईत पडले. वर्ष संपताना खाडीचे दोन्ही काठ इंग्रजांकडे होते.

सालबाई: डावाचा हिशेब

पण गॉडर्ड पुण्यापर्यंत पोचू शकला नाही. १७८१ मध्ये बोरघाटातून त्याला नुकसान सोसून मागे फिरावं लागलं. दक्षिणेत हैदरअलीने इंग्रजांना जेरीला आणलं होतं. दोन्ही बाजूंना तह हवा होता. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. या तहात कुणाला काय मिळालं?

- सवाई माधवराव: इंग्रजांनी त्यांना पेशवे म्हणून मान्य केलं. गादीचा प्रश्न सुटला.
- रघुनाथराव: दरमहा २५,००० रुपये तनखा. गादीवर हक्क नाही. डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावला त्यांचा मृत्यू झाला.
- बारभाई: कारभार त्यांच्याकडे, म्हणजे तोवर मुख्यतः नाना फडणवीसांकडे राहिला. वसई आणि कल्याण परत मिळाले.
- महादजी शिंदे: दोन्ही पक्षांना हवा असलेला मध्यस्थ म्हणून वजन वाढलं. भडोचही मिळालं.
- मुंबईकर इंग्रज: त्यांचा उमेदवार हरला. पण साष्टी, कारंजा आणि घारापुरी त्यांच्याकडे राहिली.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तो असा. नऊ वर्षांत बाकी सगळ्या गोष्टी हातोहात फिरल्या. वसई गेली आणि आली, कल्याण गेलं आणि आलं. फक्त ठाणं परत आलं नाही. युद्धाच्या अगदी सुरुवातीला, दोन्ही दावेदार एकमेकांकडे बघत असताना उचललेली तेवढी एक जागा प्रत्येक तहात इंग्रजांनी राखली.

पटावर न दिसणारी माणसं

बोर्ड गेममध्ये किल्ला पडला की तिथे दुसऱ्या रंगाची सोंगटी ठेवतात. आत कापली गेलेली शिबंदी पटावर दिसत नाही. फौज अडवण्यासाठी ओस पाडलेली गावंही दिसत नाहीत. साष्टीतला जो माणूस १७३० मध्ये पोर्तुगीजांच्या अमलात जन्मला, तो लहानपणीच मराठ्यांची रयत झाला आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी इंग्रजांची. गाव तेच, शेत तेच, सारा घेणारा मात्र तिसरा.

पुढे काय झालं?

हाच डाव पुन्हा एकदा मांडला गेला. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वारले. त्यांनाही मूल नव्हतं. पुन्हा दावेदार, पुन्हा कारभारी, पुन्हा शिंदे-होळकरांची ओढाताण. त्यातून रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव पेशवे झाले. होळकरांनी पुण्यातून पळवून लावल्यावर तेही वडिलांसारखेच इंग्रजांकडे गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला. या वेळी तारण एका बेटाचं नव्हतं. इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी युद्ध वा तह करायचा नाही, हे त्यांनी मान्य केलं. जून १८१७ च्या पुणे तहात कल्याणसह उत्तर कोकण कंपनीकडे गेलं आणि खाडीवरची सीमा संपली. पुढच्याच वर्षी पेशवाईही संपली.

१८५४ मध्ये ठाण्याहून कल्याणला रेल्वे गेली, तेव्हा खाडीवर पूल आला. खाडीपलीकडचे कळवा, मुंब्रा आणि दिवा आज ठाणे महापालिकेतच आहेत. कल्याणला खाडीकाठी दुर्गाडी उभा आहे, आणि मलंगगड डोंबिवलीच्या इमारतींवरूनही दिसतो. १७७४ च्या डिसेंबरात ज्याच्या तटावर पहिला हल्ला परतवला गेला, तो ठाण्याचा किल्ला आजही जागेवर आहे. मात्र त्याला किल्ला म्हणून फारसं कुणी ओळखत नाही. ते आता ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे.